मुक्ताचं स्पॅनिश आणि माझा धूप

कतारला तीन आठवडे राहून आले म्हटल्यावर नाशिकमध्ये मला सगळ्यात जास्त विचारलेला प्रश्न म्हणजे, "मग अरबी शिकलात की नाही?" खरं सांगायचं तर तिथं मी अरबी शब्द ऐकले चार: यल्ला, खलास, शुक्रन आणि इन्शाल्ला. तेही माझ्या भावाच्या तोंडून. रोज कानावर पडली ती स्पॅनिश, आणि तीसुद्धा आमच्याच घरात, सकाळी सहा वाजता, बाथरूमच्या बंद दाराआडून.

माझा धाकटा भाऊ शिरीष दोह्यात गॅस कंपनीत सेफ्टी इंजिनिअर आहे. त्याची बायको आईच्या ऑपरेशनसाठी पुण्याला गेली आणि घर बघायला कोण, तर मी. टेलिफोन खात्यातून रिटायर झालेली, एकटी, आणि भावाच्या मते रिकामी. घरात बघण्यासारखी एकच व्यक्ती होती: त्याची मुलगी मुक्ता. वय वीस. तिथल्या विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग करते आणि जोडीला तिनं स्पॅनिश भाषा आणि ती बोलणाऱ्या देशांची संस्कृती हा विषय घेतलाय. मुख्य विषयाच्या जोडीच्या अशा विषयाला तिकडे मायनर म्हणतात. बाथरूममध्ये चालायची ती क्रियापदांची उजळणी.

पहिल्याच रात्री जेवताना मला वादात पंच नेमण्यात आलं.

"ताई, तूच सांग हिला," शिरीष म्हणाला. "कतारमध्ये राहून स्पॅनिश. इंडस्ट्रियल एरियात जाऊन बघ, हिंदी चालते, मल्याळम चालते, नेपाळी चालते. स्पॅनिश कोणाशी बोलणार ही? कॉम्प्रेसरशी?"

"बाबा, इट्स नॉट टाइमपास," मुक्ता म्हणाली.

"मी टाइमपास म्हणालोच नाही. मी म्हणतोय, उपयोग सांग."

मग मला कळलं की मामला गंभीर आहे. मायनरचे तीन पेपर होत आले होते, दोन उरले होते. या तिसऱ्या पेपरात ए ग्रेड आली तर पुढचं बोलू, नाहीतर खलास, उरलेल्या दोन पेपरांच्या जागी प्रोजेक्ट मॅनेजमेंट घ्यायचं, असा शिरीषचा हुकूम झाला होता. मुक्ता मान खाली घालून वरणभात कालवत राहिली. मुलगी भांडली असती तर मला एवढं वाटलं नसतं. मी पंचाची खुर्ची तिथंच सोडली आणि मनातल्या मनात तिच्या बाजूला जाऊन बसले.

एक मात्र खटकलं. शिरीष तिच्याशी मराठीत बोलायचा आणि ती उत्तर इंग्रजीत द्यायची. मी पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, "बाई, माझं इंग्रजी टेलिफोन खात्यातच रिटायर झालं. माझ्याशी मराठीत बोल." बिचारी अडखळत बोलायला लागली.

मंगळवार, दिवेलागणीला

पेपरासाठी करायचं होतं ते असं: कतारमध्ये राहणारी, स्पॅनिश हीच मातृभाषा असलेली एक व्यक्ती शोधायची, तिची किमान तासभर सलग मुलाखत स्पॅनिशमध्ये घ्यायची, आणि मग त्यावर विद्यापीठात सगळ्यांसमोर वीस मिनिटं बोलायचं. मुक्ताला तिच्या प्राध्यापिकेनं नोर्मा नावाच्या एका बाईंचा नंबर दिला होता. नोर्माबाई मूळच्या अर्जेंटिनाच्या. उत्तरेला मदिनत अश शमाल या गावाजवळच्या एका फार्मवर घोडे सांभाळतात, मुलींना घोडेस्वारी शिकवतात. बावीस वर्षं कतारमध्ये आहेत. मंगळवारी घोड्यांची औषधं न्यायला त्या दोह्याला येणार होत्या, तेव्हा चार वाजता आमच्याकडे चहाला या, असं ठरलं.

मी सकाळपासून कामाला लागले. कांदेपोहे, नारळाच्या वड्या, आल्याचा चहा. नोर्माबाई साठीच्या, उंच, उन्हानं रापलेल्या, पांढऱ्या केसांची एक वेणी. पोहे त्यांनी दोनदा घेतले. साडेचारला मुक्तानं रेकॉर्डर सुरू केला. मी स्वयंपाकघरातून ऐकत होते. शब्द एकही कळत नव्हता, पण बाथरूममधली घोकंपट्टी आणि हे बोलणं यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे एवढं कळत होतं. पोरगी हसत काय होती, मध्येच थांबवून विचारत काय होती.

नोव्हेंबर संपत आला की दोह्यात पावणेपाचलाच सूर्य बुडतो. माझा चाळीस वर्षांचा नेम आहे, दिवेलागणीला देवापुढं दिवा लावायचा आणि घरभर धूप फिरवायचा. पाहुणे असले तरी चुकवत नाही, उलट पाहुण्यांपुढंही धरते. धूप मी नाशिकहून नेला होता. निखाऱ्यासाठी कोळशाच्या वड्या शिरीषनं एशियन टाउनच्या बाजारातून आणून दिल्या होत्या. धुपाटणं तेवढं नव्हतं. म्हणून वहिनीच्या शोकेसमधलं एक नक्षीदार, सोनेरी, चौकोनी भांडं काढलं. खाली निमुळतं, वर पसरट, जणू त्याच कामासाठी केलेलं. त्यात निखारे घातले, वर धूप टाकला आणि खोल्याखोल्यांतून फिरवत बैठकीच्या खोलीत आले. मुक्तापुढं धरलं, मग नोर्माबाईंपुढं.

नोर्माबाईंनी बोलणं थांबवलं. हातानं धूर अंगावर घेतला, गळ्यातल्या रुमालाला लावला, माझ्याकडे बघून गोड हसल्या आणि उठल्या. पर्स घेतली. मुक्ताचा हात हातात घेऊन काहीतरी म्हणाल्या, मला गालाला गाल लावला, आणि आम्ही दोघी तोंडाचा आ वासून उभ्या असताना त्या लिफ्टनं खाली गेल्यासुद्धा.

रेकॉर्डरवर सतरा मिनिटं झाली होती.

"आत्या, मी काही चुकीचं विचारलं का?" मुक्ता पुन्हा पुन्हा म्हणत होती. तिनं सतरा मिनिटं तीन वेळा ऐकली. मला वाटलं, पोह्यात मिरची जास्त झाली असेल.

उलगडा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी झाला. शिरीषनं ही गोष्ट ऑफिसातल्या एका कतारी सहकाऱ्याला सांगितली तर तो पोट धरून हसला म्हणे. तिकडच्या घरांतून पाहुण्यांची सरबराई कॉफीनं सुरू होते आणि सुगंधी धुरानं संपते. यजमानांनी धुपाचं भांडं फिरवलं की पाहुण्यांनी समजायचं, बैठक संपली, आता उठायचं. कोणी कोणाला जा म्हणत नाही, वेळ मात्र सगळ्यांना कळते. आणि ते सोनेरी भांडं खास त्याच कामाचं होतं. वहिनीनं शोभेचं म्हणून घेतलेलं.

"ताई," शिरीष म्हणाला, "तू त्या बाईंना रीतसर, मानानं, घराबाहेर काढलंस."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्याकडे पाहुणा उठायला लागला तरी आपण 'बसा हो, काय घाई आहे' म्हणतो, आणि मी बाईंना अर्ध्या वाक्यात वाटेला लावलं. शिवाय पोरीचा पेपर. मुक्तानं नोर्माबाईंना निरोप पाठवला, त्याचं उत्तर नाही. गुरुवार दुपारपर्यंत नाही. सोमवारी विद्यापीठात बोलायचं होतं. शिरीषनं प्रोजेक्ट मॅनेजमेंटची माहिती असलेला कागद फ्रिजवर चिकटवला. तो कागद बघून माझं डोकंच फिरलं.

गुरुवारी संध्याकाळी नोर्माबाईंचा आवाज आला, फोनवर रेकॉर्ड करून पाठवलेला. एका घोड्याचं पोट दुखत होतं, दोन रात्री त्या तबेल्यात होत्या. रागावल्या तर मुळीच नव्हत्या, त्यांना वाटलं आमची प्रार्थनेची वेळ झाली म्हणून आम्ही बैठक आवरती घेतली. शुक्रवारी दुपारी जेवायला या, म्हणाल्या. आणि मुक्तानं डोळे पुसत पुढचं सांगितलं: "त्या म्हणतायत, माझ्या घरी धूर फक्त ओव्हनमधून येतो."

शमालच्या वाटेवर

शुक्रवार सुटीचा, म्हणून गाडी शिरीषनं काढली. कुरकुरत काढली. मी बेसनाचे लाडू डब्यात भरले होते, माफी मागायला रिकाम्या हातानं जायचं नसतं.

दोह्याच्या काचेच्या इमारती मागं पडल्या की उत्तरेचा रस्ता सरळ आणि सपाट होतो. डोंगर सोडा, साधा उंचवटा दिसत नाही. आम्हा नाशिककरांना चारी बाजूंना डोंगर बघायची सवय, मला सारखं काहीतरी राहून गेल्यासारखं वाटत होतं. मग मध्येच भिंतीआड खजुरीची बाग, तिच्या कडेला बकऱ्या, पाण्याचा टँकर, पुन्हा वाळू. वाटेत एका टपरीसारख्या दुकानासमोर शिरीषनं हॉर्न वाजवला आणि दुकानदारानं गाडीच्या खिडकीतच वेलचीचा कडक, दाट चहा आणून दिला. गाडीतून उतरायची पद्धत नाही. चहा फक्कड होता, पण टपरीवर उभं राहून दुसऱ्याचं बोलणं ऐकायची मजा गेली.

"पुढच्या वर्षी नोकऱ्यांचे इंटरव्ह्यू सुरू होतील," शिरीष म्हणाला. "तिथं हिला कोणी अर्जेंटिनाच्या घोड्यांबद्दल विचारणार नाही."

मी म्हटलं, "शिऱ्या, तू बारावीला तबला सोडलास तेव्हा दोन दिवस जेवला नव्हतास. आईनं सांगितलंय मला." त्यानं रेडिओ लावला आणि शमाल येईपर्यंत आवाज मोठा ठेवला.

नोर्माबाईंचं टेबल

शमाल लहानसं, निवांत गाव. किराण्याची दुकानं, गॅरेज, मशीद, आणि थोडं पुढं गेलं की उथळ समुद्र, इतका शांत की लाटेचा आवाज नाही. फार्म गावाबाहेर. नोर्माबाईंचं बैठं घर, दारात एक बोरीचं जुनं झाड.

मी दारातच हात जोडले आणि मुक्ताला म्हटलं, "सांग यांना, आमच्याकडे धूप देवासाठी असतो, पाहुण्यांना घालवण्यासाठी नाही." मुक्तानं स्पॅनिशमध्ये सांगितलं. नोर्माबाईंनी मला दंडाला धरून थेट स्वयंपाकघरात नेलं. त्यांना इंग्रजीही येतं, अरबीही येतं, पण त्यांनी आल्या आल्या जाहीर केलं की आज या घरात स्पॅनिश, कारण पोरीची परीक्षा आहे. त्यामुळे शिरीषचीही पंचाईत झाली. पाणी मागायलासुद्धा त्याला लेकीच्या तोंडाकडे बघावं लागलं.

ओट्यावर बघते तो काय, करंज्या! म्हणजे त्यांच्या एम्पनादा. तशीच गोल पारी, मध्ये सारण, दुमडून कडा बंद. दोन सारणं होती: एका पातेल्यात खिमा, दुसऱ्यात मक्याचे दाणे आणि चीज. मी शाकाहारी आहे हे मुक्तानं आधीच सांगून ठेवलं होतं. नोर्माबाई कडेला बोटांनी मुरड घालत होत्या. मुरड बघितल्यावर माझे हात कुठले स्वस्थ बसतात? दर दिवाळीला शेजारच्या चार घरांच्या करंज्यांना मुरड घालणारी बाई मी. बाह्या सरसावल्या आणि बसले. नोर्माबाई माझी बोटं बघत राहिल्या आणि काहीतरी म्हणाल्या.

"आत्या, त्या म्हणतायत, त्यांच्या आईची मुरड अशी बारीक होती."

मी फुशारले. नोर्माबाई ओव्हन बघायला वळल्या तेवढ्यात मी सारण भरून दोन वेगळ्या ताटांत ठेवलेल्या उरलेल्या सगळ्या करंज्यांना झोकात मुरड घालून टाकली आणि एका ट्रेमध्ये ओळीनं मांडल्या. नोर्माबाई परत आल्या, ट्रे बघितला आणि कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या. मग मुक्तानं हळू आवाजात मला समजावलं. त्यांच्याकडे कडेवरूनच आतलं सारण ओळखतात. खिम्याला मुरड, मक्याला काट्या-चमच्यातल्या काट्यानं दाबलेली साधी कड. मी सगळ्यांनाच मुरड घातली होती. आता कुठल्या करंजीत काय आहे ते देवालाच ठाऊक.

मग नोर्माबाई हसायला लागल्या, ओट्याला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मंगळवारच्या त्या सभ्य पाहुण्या कुठल्या कुठं गेल्या.

तोडगा मुक्तानं काढला. "बाबा सेफ्टी इंजिनिअर आहेत. बाबा तपासतील." म्हणून जेवायला बसल्यावर शिरीष एकेक करंजी कोपऱ्यातून मोडायचा, आत बघायचा आणि निकाल द्यायचा. नोर्माबाईंनी त्याला दोन शब्द शिकवले, खिम्याला 'कार्ने', मक्याला 'चोक्लो'. माझा भाऊ, ज्याला स्पॅनिशचा उपयोग दिसत नव्हता, तो पाऊण तास बसून 'कार्ने, चोक्लो, चोक्लो, कार्ने' करत होता. मला मक्याच्या पाच मिळाल्या. खुसखुशीत, किंचित गोडसर. माझ्या करंजीला तिखटामिठाचा असा मान कधी मिळाला नाही याचं वाईट वाटलं.

जेवण झालं आणि मी सवयीनं खरकटी ताटं उचलायला उठले. नोर्माबाईंनी माझा हात धरून मला खाली बसवलं. मुक्ता म्हणाली, "आत्या, बस. यांच्याकडे जेवणानंतर टेबलावरून उठत नाहीत. जेवलेली ताटं तशीच ठेवून गप्पा मारतात. याला त्यांच्यात वेगळं नावच आहे, सोब्रेमेसा. आम्हाला शिकवलंय, पण मी कधी बघितलं नव्हतं." आपल्याकडे गप्पा जेवणाआधी होतात, मग पान, बडीशेप आणि चपला. इथं खऱ्या गप्पांना सुरुवातच आता होणार होती. मुक्तानं रेकॉर्डर टेबलावर ठेवला.

तिच्याकडे वीस प्रश्नांची यादी होती. सहाव्या प्रश्नानंतर यादी बाजूला पडली, कारण मला राहवेना. "विचार, पहिल्या दिवशी इथं काय जेवलात? विचार, सासू होती का? विचार, नवरा गेल्यावर परत का नाही गेलात?" मी मराठीत विचारायची, मुक्ता तिकडे वळून स्पॅनिशमध्ये विचारायची, उत्तर ऐकून माझ्याकडे वळून मराठीत सांगायची. मध्ये इंग्रजीचा थांबाच नाही. नोर्माबाई आणि त्यांचा नवरा एका घोडीबरोबर मालवाहू विमानातून आले होते, सगळा प्रवासभर तिच्या मानेवर हात ठेवून. नवऱ्याला जाऊन आठ वर्षं झाली. पोरं म्हणाली, आई, घरी ये. पण घोडी म्हातारी झाली होती, तिला आता विमानात चढवता येत नव्हतं. "तिला मीच आणलं, मग तिला टाकून कशी जाऊ?" मुक्तानं हे मराठीत सांगितलं आणि नोर्माबाईंचा हात हातात घेतला.

मी शिरीषकडे पाहिलं. तो नोर्माबाईंकडे बघतच नव्हता, लेकीकडे बघत होता. घरात 'ओके बाबा' आणि 'लेटर बाबा'पलीकडे न जाणारी त्याची पोर सलग दोन तास स्वच्छ मराठी बोलत होती, आणि तीही एका अर्जेंटिनाच्या बाईसाठी. मला इतका आनंद झाला की मी न विचारता सहावी करंजी उचलली. ती कार्ने निघाली. शिरीषनं ती माझ्या हातातून काढून घेतली.

निघण्यापूर्वी आम्ही घोडी बघितली. करड्या रंगाची, पाठ खचलेली. तिनं माझ्या हातातला बेसनाचा लाडू दोन घासांत संपवला.

सोमवार, विद्यापीठ

सभागृह लहान, पण भरलेलं. शिरीष अर्धी रजा टाकून आला होता, फॉर्मल शर्टात, हाताची घडी घालून. नोर्माबाई शमालहून आल्या होत्या, पहिल्या रांगेत. मुक्तानं यादीतलं काहीच मांडलं नाही. ती बोलली जेवणानंतरच्या टेबलावर: एका देशात पाहुण्याला धुरानं निरोप देतात, एका देशात बडीशेप देऊन, आणि एका देशात ताटंच उचलत नाहीत, म्हणजे पाहुण्याला उठताच येऊ नये. माझ्या फजितीवर सभागृह दोनदा हसलं. मला काही वाटलं नाही. उभी राहून नमस्कार करावासा वाटला, पण आवरलं.

वीस मिनिटं झाली. मुक्ताच्या प्राध्यापिकाबाईंनी, त्या मूळच्या कोलंबियाच्या, तीन आडवेतिडवे प्रश्न विचारले, मुक्तानं तिन्ही परतवले. मग त्यांनी श्रोत्यांना विचारलं, कोणाला काही विचारायचंय का? माझ्या शेजारची खुर्ची वाजली. शिरीष उभा राहिला होता. आता हा सगळ्यांदेखत उपयोग विचारणार.

त्यानं माईक घेतला, इंग्रजीत सुरुवात केली, थांबला, आणि मराठीत म्हणाला, "मुक्ता, नोर्माबाईंना विचार. या मुलाखतीचा तुला मार्कांसाठी उपयोग झाला. त्यांना काय उपयोग झाला?"

मुक्ता नोर्माबाईंकडे वळली. मग तिनं प्रश्न स्पॅनिशमध्ये केला. नोर्माबाई बसल्या जागेवरून बोलल्या, सावकाश, मागं वळून शिरीषकडे बघत. मुक्तानं एकेक वाक्य मराठीत आणलं.

"त्या म्हणतात, बावीस वर्षं मला सगळे घोड्यांबद्दल विचारतात. इंग्रजीत विचारतात, अरबीत विचारतात. नवरा गेल्यापासून मला माझ्या भाषेत, 'मग पुढं काय झालं?' असं कोणी विचारलं नव्हतं. तुमच्या मुलीनं विचारलं. त्या रात्री मी पुष्कळ दिवसांनी शांत झोपले."

सभागृहात तीसेक माणसं होती, मराठी कळणारी आम्ही तिघं. तरी सगळे शिरीषकडे बघत होते.

"उरलेले दोन पेपर कर," तो लेकीला म्हणाला. "ग्रेडचं राहू दे. तुला येतंय, म्हणून कर."

आणि माईक माझ्या मांडीवर ठेवून खाली बसला. प्राध्यापिकाबाईंनी मुक्ताला काहीतरी विचारलं. वडील काय म्हणाले, असंच विचारलं असणार. मुक्तानं दोन्ही हातांनी डोळे पुसले, ताठ उभी राहिली आणि सगळ्या सभागृहाला ऐकू जाईल असं म्हणाली, "मी पापा दीसे के सीगा." म्हणजे, माझे बाबा म्हणतात, थांबू नकोस.

टाळ्यांत सगळ्यात मोठा आवाज माझा होता. नंतर गुरुवारी ग्रेड लागली, ए. शिरीषनं ती बघायलाही मागितली नाही. आणि मला अरबी आलं का म्हणून नाशिकमध्ये कोणी विचारलं की मी सांगते, अरबी नाही, पण स्पॅनिश येतं. आणि ते वाक्य ताठ उभं राहून, अगदी तिच्यासारखं, म्हणून दाखवते.